सातवी सीट, भाड्याची गाडी आणि वॉरंटीची खरी तारीख : एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण एका कुटुंबाच्या गाडीखरेदीचं आहे. माणसांची नावं, ठिकाणं, गाड्यांची मॉडेलं काढून टाकली आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतले आणि कागदपत्रांतले आहेत. मी एका सर्व्हिस सेंटरच्या वॉरंटी विभागात ११ वर्षं काम केलं. कुठला क्लेम पास होतो, कुठला अडतो आणि अडल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, हे रोज पाहिलं. त्यातले बरेचसे क्लेम गाडी घेतली त्या दिवशीच अडलेले असायचे, मालकाला ते कळायचं दोन वर्षांनी. म्हणून ओळखीतल्या ताईंनी सल्ला विचारला तेव्हा मी पहिल्या दिवसापासून सोबत राहायचं ठरवलं.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. ताई, दाजी, दाजींच्या आई (त्यांना सगळे आजीच म्हणतात) आणि दोन मुलं, थोरलं सात वर्षांचं, धाकटं तीन वर्षांचं. आजींचे गुडघे दुखायचे. खाली बसून वर उठताना त्यांना काहीतरी धरावं लागायचं. ताईंचे आईवडील वेगळे राहतात. वर्षातून चार-पाचदा सगळे मिळून कुठेतरी जातात, तेव्हा माणसं सात होतात.

जुनी गाडी पाच सीटची छोटी हॅचबॅक होती. वय ११ वर्षं, रनिंग १,४८,००० किलोमीटर. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चढावर घसरायला लागला होता : इंजिन ओरडतंय, गाडी मात्र पुढे सरकत नाही. गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करायचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त सांगितला गेला. वॉरंटी कधीच संपलेली होती.

अडचण

ताई-दाजी माझ्याकडे आले तेव्हा प्रश्न त्यांनी स्वतःच बांधून आणला होता : ‘कुठली सात सीटर घ्यायची?’ तीन मॉडेलांची यादीही तयार होती. सात सीटर का, असं विचारल्यावर दाजी म्हणाले, ‘अहो, सगळे एकत्र जातो तेव्हा दोन गाड्या कराव्या लागतात ना.’

मी त्यांना मॉडेलं बाजूला ठेवायला सांगितली आणि एक वही ठेवायला लावली. गाडी निघेल त्या दिवशी तीनच गोष्टी लिहायच्या : जास्तीत जास्त माणसं किती बसली, किलोमीटर किती झाले, सामान किती होतं. सहा आठवडे. दाजींना हे वेळकाढूपणाचं वाटलं, आणि त्यांच्या जागी मला तसंच वाटलं असतं, कारण गिअरबॉक्स रोज थोडा जास्त घसरत होता.

४२ दिवसांची वही अशी निघाली : गाडी ३६ दिवस रस्त्यावर आली. त्यातले २७ दिवस तीन किंवा त्याहून कमी माणसं. सहा दिवस चार किंवा पाच. सात माणसं फक्त तीन दिवस, आणि तेही एकाच भेटीतले सलग तीन. एकूण रनिंग २,१०० किलोमीटर, म्हणजे महिन्याला साधारण १,५००, वर्षाला १८,०००.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. पुढे वॉरंटीचा सगळा हिशेब त्याच्यावरच फिरणार आहे.

पर्याय

एकूण चार पर्याय टेबलावर होते. जुनी गाडी दुरुस्त करण्याचा पर्याय लवकर बाद झाला. ११ वर्षांच्या गाडीत नवा गिअरबॉक्स बसवला तरी एअरबॅग, सस्पेन्शन आणि वायरिंग ११ वर्षांचंच राहतं, आणि दुरुस्तीवर मिळणारी हमी फक्त बसवलेल्या भागापुरती असते.

नवी सात सीटर हा दाजींचा लाडका पर्याय. त्यात वाईट काही नव्हतं. पैसे जास्त लागणार होते, पण कर्ज काढून झेपलं असतं.

तिसरा पर्याय भाड्याच्या ताफ्यातून बाहेर पडलेली सात सीटर. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या आपल्या गाड्या दर एक-दोन वर्षांनी विकून नव्या घेतात, त्यामुळे अशा गाड्या बाजारात सतत येत असतात. ताईंना एक सापडली होती : २६ महिने जुनी, ७८,००० किलोमीटर, बाहेरून स्वच्छ. किंमत नव्या गाडीपेक्षा बरीच कमी. आणि विकणाऱ्याचं ठाम वाक्य : ‘कंपनीची वॉरंटी अजून जवळजवळ तीन वर्षं आहे.’

चौथा पर्याय मी मांडला. रोजच्या वापराला बेतलेली पाच सीटची, मोठ्या डिकीची गाडी घ्यायची आणि सात माणसांच्या दिवशी मोठी गाडी भाड्याने घ्यायची. ऐकल्या ऐकल्या दोघांनाही तो कंजूषपणाचा वाटला. ‘स्वतःची गाडी असताना भाड्याची कशाला?’ ही भावना खोटी नाही. गाडी घरची असली की रात्री अकरालाही निघता येतं, कुणाला विचारावं लागत नाही.

पहिला निर्णयाचा टप्पा : चेसिस नंबर

तिसरा पर्याय जवळजवळ पक्का झाला होता. बयाणा देण्याच्या आदल्या दिवशी मी ताईंना एकच गोष्ट मागायला सांगितली, गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर. तो घेऊन त्या ब्रँडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चार गोष्टी लेखी विचारायच्या : वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू झाली, कुठल्या अटींवर, सर्व्हिसची नोंद काय आहे, आणि एखाद्या रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्त करायला उत्पादकाने गाड्या परत बोलावल्या असतील त्याचं, काम बाकी आहे का.

उत्तर दोन दिवसांत आलं. बयाणा अर्थातच थांबला.

वॉरंटी गाडीच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून चालू होती. यात नवल नाही. गाडी कितव्याही मालकाकडे जावो, घड्याळ पहिल्या मालकाच्या दिवसापासूनच चालतं. प्रदर्शनासाठी किंवा टेस्ट ड्राइव्हसाठी वापरलेल्या गाडीचंही तसंच असतं. शोरूमची गाडी म्हणून घेतलेल्या गाडीची कित्येक महिन्यांची वॉरंटी त्याआधीच जळालेली असू शकते.

खरा धक्का अटींमध्ये होता. त्या मॉडेलची घरगुती वापराची वॉरंटी पाच वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. पण ही गाडी भाड्याच्या वापरासाठी नोंदलेली होती, आणि तशा वापराला तीनच वर्षं, किलोमीटरची मर्यादा तीच. विकणाऱ्याने ६० महिन्यांतून २६ वजा करून ३४ सांगितले होते. प्रत्यक्षात ३६ मधून २६ वजा करायचे होते. उरले १० महिने. किलोमीटरच्या बाजूने पाहिलं तर २२,००० शिल्लक, म्हणजे यांच्या रनिंगने साडेचौदा महिने. दोनपैकी जे आधी संपेल ते धरायचं, म्हणजे १० महिनेच.

विकणारा मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने माहितीपत्रकावरचा आकडा वाचला होता. माहितीपत्रक मॉडेलबद्दल बोलतं. वॉरंटी त्या एका चेसिस नंबरची असते.

टॅक्सी, भाडं किंवा मालवाहतूक अशा वापराला वॉरंटी कमी करणं ही अनेक उत्पादकांची पद्धत आहे. मालक बदलला की वॉरंटी आखडते, असाही प्रकार असतो. ह्युंदाईने १९९८ मध्ये अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्ससाठी १० वर्षं किंवा १,००,००० मैलांची वॉरंटी जाहीर केली. त्या काळात ती फार मोठी गोष्ट होती. पण ती पूर्ण मुदत पहिल्या मालकासाठी होती, गाडी विकली की नव्या मालकाला ती तशीच्या तशी मिळत नव्हती. म्हणून वापरलेली गाडी घेताना ‘वॉरंटी किती वर्षांची?’ एवढं विचारून भागत नाही. ‘या गाडीची, माझ्या नावावर आल्यानंतर, किती उरते?’ असं विचारायला हवं.

सर्व्हिसच्या नोंदीत आणखी एक गोष्ट सापडली. दर १५,००० किलोमीटरला सर्व्हिस अपेक्षित होती. ४५,००० ची नोंद होती आणि त्यानंतर थेट ६७,००० ची. मध्ये २२,००० किलोमीटर गाडी त्याच तेलावर पळाली, निदान कागद तरी तसं सांगतो. उद्या इंजिनचा क्लेम केला असता तर वॉरंटी विभागातल्या माणसाने पहिलं बोट तिथे ठेवलं असतं. मीही तेच केलं असतं.

रिकॉलचंही एक काम बाकी होतं. त्याची भीती मात्र बाळगायची नाही. सुरक्षेचा रिकॉल आणि वॉरंटी या वेगळ्या गोष्टी आहेत. वॉरंटी संपलेल्या गाडीचंही रिकॉलचं काम उत्पादक स्वतःच्या खर्चाने करतो. फक्त ते राहिलं आहे हे कुणीतरी शोधून काढावं लागतं.

भाड्याच्या ताफ्यातल्या गाड्या सरसकट वाईट, असा निष्कर्ष यातून काढू नका. एकच मालक, लांबचा सलग प्रवास, वेळच्या वेळी सर्व्हिस असेल तर त्या उत्तम निघतात, आणि नोंदी नीट असलेल्या अशा गाड्या मी ओळखीच्यांना घेऊन दिल्या आहेत. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्याच उदाहरणावरून दाखवलं होतं की विकणाऱ्याला गाडी ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा सगळा बाजारच बिघडतो. हमी हा त्यावरचा एक उपाय. मग त्या हमीचीच माहिती अर्धवट असेल, तर घेणारा पुन्हा आंधळाच राहतो. या गाडीपुरता निर्णय सोपा झाला : नको.

दुसरा निर्णयाचा टप्पा : चार दिवस भाड्याने

नवी सात सीटर अजून शर्यतीत होती. टेस्ट ड्राइव्ह झाली होती, पण टेस्ट ड्राइव्हमध्ये पुढे दोघं बसतात, मागे विक्रेता. सात माणसं आणि सामान कधीच बसत नाही. मी सुचवलं की ज्या मॉडेलवर दाजींचा जीव आहे, तेच चार दिवसांसाठी भाड्याने घ्यावं आणि ताईंच्या आईवडिलांसकट नेहमीसारखं निघावं. नव्या गाडीच्या किमतीपुढे चार दिवसांचं भाडं काहीच नाही. या प्रकरणातला सर्वांत उपयोगी खर्च मला हाच वाटतो.

निघण्याआधी दारच्या चौकटीवरचा स्टिकर पाहिला, टायरमधली हवा पूर्ण भाराच्या आकड्यावर आणली आणि वजन मोजलं. या गाडीची भार वाहायची मर्यादा ५३० किलो होती. मोठी पाच माणसं मिळून ३३४ किलो, मुलं ३९, दोन चाइल्ड सीट १५, सामान ७५, मुलांची ढकलगाडी ९. बेरीज ४७२. बसलं, पण टपावर बॉक्स लावून तो भरायला जागा फारशी उरली नाही. सात सीट म्हणजे सात मोठी माणसं आणि त्यांचं सामान, असं गाडीचं वजन म्हणतच नाही. सात जण प्रत्येकी ७५ किलोचे धरले तर नुसत्या माणसांचेच ५२५ होतात.

डिकीचा प्रश्न त्याहून ठळक निघाला. तिसरी रांग उघडी असताना सात सीटर गाड्यांची डिकी बहुधा १५० ते ३०० लिटरच्या घरात असते. डिकी मोजण्याच्या जर्मन पद्धतीत २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचतात; ते कोपऱ्याकोपऱ्यात बसतात, बॅग बसत नाही. विमानात हातात नेतात ती छोटी बॅग साधारण ४० लिटरची, चेक-इनची मोठी बॅग १०० लिटरच्या आसपास. यांच्या भाड्याच्या गाडीत एक मोठी आणि दोन छोट्या बॅगा बसल्या, ढकलगाडी पायाशी घ्यावी लागली.

आणि तिसरी रांग. तिथे जायला मधल्या रांगेची सीट पुढे लोटावी लागते. पण मधल्या रांगेत आयसोफिक्सवर (चाइल्ड सीट थेट गाडीच्या हूकांना अडकवायची पद्धत) चाइल्ड सीट बसवली की त्या बाजूची सीट लोटता येत नाही, वाट एकाच बाजूने उरते. आयसोफिक्सचे हूक या गाडीत मधल्या रांगेच्या दोन कडेच्या जागांवरच होते, तिसऱ्या रांगेत एकही नाही. आजी तिसऱ्या रांगेत जाऊच शकत नव्हत्या. ताईंचे वडील गेले. तिथली जमीन वर उचललेली असल्यामुळे त्यांचे गुडघे छातीशी आले. तिसऱ्या दिवशी परतताना ते म्हणाले, ‘मी बसने येतो, तुम्ही व्हा पुढे.’ ताईंनी हे मला सांगताना आवाज खाली केला होता. सगळ्यांनी एकत्र जावं म्हणून घ्यायची गाडी, आणि त्यातला एक जण बसने जायला निघाला.

मोठ्या मापाच्या, सरकत्या दाराच्या सात सीटर गाड्यांत हा त्रास पुष्कळ कमी असतो. पण तशी गाडी त्यांच्या घरच्या पार्किंगमध्ये मावत नव्हती. दाजींनी स्वतः टेप लावून पाहिलं. त्या संध्याकाळी ते चौथ्या पर्यायाकडे वळले.

तिसरा टप्पा : वॉरंटीची तुलना स्वतःच्या रनिंगवर

पाच सीटच्या गाड्यांत तीन उमेदवार राहिले आणि तिघांच्या वॉरंटी वेगवेगळ्या. पहिली तीन वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर. दुसरी पाच वर्षं, मर्यादा तीच. तिसरी सात वर्षं, मर्यादा पुन्हा तीच. माहितीपत्रकावर सात हा आकडा मोठा दिसतो. पण वर्षाला १८,००० किलोमीटर चालणाऱ्या या घरासाठी हिशेब असा : पहिलीची वॉरंटी ५४,००० वर तारखेने संपणार. दुसरीची ९०,००० वर, तीही तारखेने. तिसरीची मात्र किलोमीटरने, साधारण साडेपाच वर्षांत. म्हणजे सात आणि पाच यांत यांच्यासाठी फरक फक्त सहा-सात महिन्यांचा. वर्षाला ८,००० चालवणाऱ्याला हाच फरक पूर्ण दोन वर्षांचा पडला असता.

वॉरंटीचं पुस्तक मी त्यांना शेवटून वाचायला लावलं, म्हणजे काय मिळत नाही इथून. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर हे झिजणारे भाग बाहेर. १२ व्होल्टच्या बॅटरीला अनेकदा कमी मुदत. टायरची हमी टायर बनवणाऱ्याची, गाडी बनवणाऱ्याची नाही. गंजाची वॉरंटी बरीच लांब असते, पण ती पत्र्याला आतून बाहेर आरपार भोक पडण्याची. वरवरच्या तांबेऱ्याची नाही. आणि एक वाक्य जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतं : गाडी बंद राहिल्यामुळे होणारा इतर खर्च, उदाहरणार्थ भाड्याची गाडी, वॉरंटीत येत नाही. ते वाक्य ताईंनी पेन्सिलने अधोरेखित केलं. पुढे ते उपयोगी पडलं, दुःखद अर्थाने.

बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिस केली तर वॉरंटी जाते का, हा दाजींचा प्रश्न होता. याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार उत्पादक आपल्याच सेंटरमध्ये पैसे देऊन सर्व्हिस करण्याची सक्ती वॉरंटीसाठी करू शकत नाही. युरोपीय संघातही स्पर्धा कायद्याने तसंच संरक्षण आहे. पण जिथे सर्व्हिस कराल तिथे उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचं तेल, ठरलेल्या अंतरावर आणि बिलासकट, ही अट सगळीकडे सारखी. बिल नसेल तर सर्व्हिस झालीच नाही असं धरलं जातं.

त्यांनी पहिला उमेदवार निवडला, सगळ्यात कमी वर्षांच्या वॉरंटीचा. कारणं तीन. पुढच्या सीटची उंची आजींना नेमकी होती. त्या बसून सरळ पाय बाहेर काढू शकत होत्या. डिकी मोठी. आणि गाडी हायब्रिड होती, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली; तिच्या मोठ्या बॅटरीला वेगळी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी होती. शिवाय मूळ वॉरंटी संपण्याआधी उत्पादकाकडूनच ती वाढवून घेण्याची सोय लेखी मिळाली. उत्पादकाची वाढीव वॉरंटी आणि तिसऱ्याच कंपनीचा दुरुस्ती करार यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात कुठले भाग येतात याची यादी असते, आणि यादीत नाव नसेल तर तो भाग नाही. पहिल्यात बहुधा उलटं असतं : नाही म्हटलेलं सोडून बाकी सगळं.

काय केलं, काय घडलं

आता या गोष्टीला ३० महिने झाले.

या काळात सात सीटर ११ वेळा भाड्याने घेतली, एकूण ३४ दिवस. भाड्याची सगळी रक्कम ही नवी सात सीटर आणि घेतलेली गाडी यांच्या किमतीतल्या फरकाच्या साधारण एक-तृतीयांश झाली. पहिल्या वेळेपासून एक शिस्त पाळली : गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चारही रिम, काच, टप, किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचे फोटो. दाजी आणि ताई दोघांचीही नावं चालक म्हणून करारात. नोंद नसलेल्या माणसाने चालवली आणि काही झालं, तर विमा हात वर करू शकतो.

तरी दोन फटके बसले. एकदा टायरच्या कुशीला दगडाने चीर गेली. नुकसानभरपाईचं कवच घेतलेलं होतं, पण टायर, काच आणि गाडीचा तळ त्यातून वगळलेले होते. टायरचे पैसे भरावे लागले.

दुसरा फटका जास्त लागला. सुट्टीच्या गर्दीत आरक्षण केलेलं असूनही ‘किंवा तत्सम’ म्हणून दुसरीच गाडी समोर आली : पाच अधिक दोनची एसयूव्ही, तिसरी रांग फक्त मुलांपुरती. पुन्हा ताईंचे वडील म्हणाले, ‘मी राहतो घरी.’ या वेळी ते खरंच राहिले. आरक्षणात मॉडेलचं नाव मिळत नाही, गट मिळतो. अनेक कंपन्या गटासाठी चार अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड वापरतात, त्यातलं दुसरं अक्षर गाडीचा प्रकार सांगतं. तिथे ‘व्ही’ असेल तर प्रवासी व्हॅन, ‘एफ’ असेल तर एसयूव्ही. त्यांनी ‘एफ’चा गट घेतला होता. तेव्हापासून ताई ‘व्ही’ पाहूनच आरक्षण करतात.

घरच्या गाडीचे वॉरंटीतले अनुभव चार. आठव्या महिन्यात मागचा कॅमेरा बंद पडला, अर्ध्या दिवसात बदलून मिळाला. सतराव्या महिन्यात एसीच्या कॉम्प्रेसरमधून आवाज यायला लागला. क्लेम पास झाला, पण भाग यायला १२ दिवस लागले. त्यात पाच दिवस भाड्याची गाडी घ्यावी लागली, खर्च स्वतःचा. अधोरेखित वाक्य हेच होतं.

एकविसाव्या महिन्यात ब्रेकच्या डिस्कवर गंजाचे पट्टे आणि घरघर. क्लेम नाकारला. ताई चिडून फोनवर म्हणाल्या, ‘एवढी नवीन गाडी, आणि ब्रेक गंजतात?’ मी समजावलं ते असं : हायब्रिड गाडी वेग कमी करताना बरंचसं काम मोटरकडून करून घेते आणि ती ऊर्जा बॅटरीत भरते. त्यामुळे डिस्कवर पॅड घासले जात नाहीत आणि गंज साफ होत नाही. डिस्क हा झिजणारा भाग, म्हणून वॉरंटीबाहेर. रस्ता मोकळा असताना अधूनमधून जोरात ब्रेक लावत जा, हा सल्ला मी आधीच द्यायला हवा होता.

चौथा अनुभव माझ्या मनाला लागलेला. दुसऱ्या वार्षिक सर्व्हिसची तारीख आली तेव्हा आजी दवाखान्यात होत्या. सर्व्हिस सात आठवडे लांबली. किलोमीटर भरलेले नव्हते, पण नियम ‘वर्ष किंवा किलोमीटर, जे आधी’ असा. सत्ताविसाव्या महिन्यात कूलंटचा पंप गळायला लागला आणि क्लेम आठ दिवस अडकला. उशिराच्या सर्व्हिसचा मुद्दा निघाला. दाजींनी लेखी मांडलं की त्या सर्व्हिसमध्ये फक्त इंजिन तेल आणि फिल्टर बदलायचे होते, पंपाच्या सीलशी त्यांचा संबंध नाही. गळतीचे फोटो जोडले. क्लेम पास झाला. इंजिनच्या आतलं काही गेलं असतं तर तो झाला नसता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

वही सहा आठवड्यांची होती आणि त्यात एकच मोठी सुट्टी आली. जुन्या फोटोंवरून आणि पेट्रोलच्या बिलांवरून मागचं पूर्ण वर्ष तपासता आलं असतं, दोन तासांचं काम होतं. चेसिस नंबरची चौकशी बयाण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, गाडी पहिल्यांदा पाहिली त्याच दिवशी व्हायला हवी होती. तोवर ताईंच्या मनाने ती गाडी घरी आणून लावलीसुद्धा होती, आणि मन एकदा बसलं की कागद वाचायची इच्छा मरते. भाड्याच्या गाडीचा गट आणि वगळलेल्या गोष्टी पहिल्याच करारात मी स्वतः वाचायला हव्या होत्या. सर्व्हिस लांबणार हे कळलं त्या दिवशी सेंटरला एक लेखी निरोप टाकला असता तर आठ दिवसांची ओढाताण वाचली असती. घरात आजारपण असताना हे सुचत नाही, म्हणूनच ते आधी कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

सगळ्यात मोठी चूक आजींच्या बाबतीत झाली आणि ती माझी आहे. मी त्यांच्या गुडघ्याची त्या दिवशीची अवस्था मोजली. पुढची तीन वर्षं कशी जातील हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं नाही. आता आजी घडीच्या व्हीलचेअरवर आहेत. ती डिकीत मावते, धाकट्याला ढकलगाडी लागत नाही म्हणून बरं. पण सीटवरून खुर्चीत उतरवताना दाराच्या खांबाला त्यांचा खांदा लागतो. सरकत्या दाराच्या गाडीत तो लागला नसता. पार्किंगमध्ये मावत नाही म्हणून तो प्रकार आम्ही एका संध्याकाळीत सोडून दिला. दुसरं पार्किंग मिळतं का, हे कुणी विचारलंही नाही.

मूळ वॉरंटीचे सहा महिने उरलेत. वाढीव वॉरंटी घ्यायची तर ती संपण्याच्या आत अर्ज करावा लागेल, मागाहून दार बंद होतं. दोन वर्षं वाढवायची की गाडी बदलायची, यावर घरात दोन मतं आहेत. दाजींनी परस्पर एक काम केलं : सरकत्या दाराची मोठी गाडी चार दिवसांसाठी ‘व्ही’च्या गटात आरक्षित केली. शनिवारी ती येईल. पहिल्यांदा आजी बसतील, खुर्चीतून सीटवर आणि सीटवरून खुर्चीत, पाच वेळा. ताईंचे वडील तिसऱ्या रांगेत बसायला येणार आहेत, आणि टेप या वेळी त्यांच्या हातात असेल.